मध्यंतराला आकाशात बघा: नाशिकच्या गच्चीवर अंतराळवीरांचा माहितीपट कसा दाखवायचा

इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीत दर हिवाळ्यात एका संध्याकाळी गच्चीवर अंतराळवीरांचा माहितीपट दाखवतो. पहिल्या वर्षी प्रोजेक्टर, सतरंज्या, चहा असं सगळं व्यवस्थित होतं. फिल्मही उत्तम होती. तरी दीड तासानं दिवे लावले तेव्हा लहान मुलं आईच्या मांडीवर झोपलेली होती, मोठी मुलं मोबाइलमध्ये होती आणि आजी-आजोबा कधीच खाली गेले होते. दुसऱ्या वर्षी फिल्म अर्ध्यावर असताना वीज गेली. सगळे अंधारात गप्पा मारत बसले होते, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची नववीतली मुलगी ओरडली, "ते बघा, चाललंय ते!" वायव्येकडून एक ठळक, न लुकलुकणारा ठिपका शांतपणे वर चढत होता. पडद्यावर दहा मिनिटांपूर्वी ज्याच्या आत माणसं तरंगत होती, तेच अंतराळ स्थानक आता डोक्यावरून जात होतं. वीज आली आणि फिल्म पुन्हा सुरू झाली, तेव्हा एकही माणूस खाली गेला नाही.

तेव्हापासून आम्ही फिल्म सलग दाखवत नाही. ठरलेल्या तीन ठिकाणी ती थांबवतो, आणि त्यातला एक थांबा आकाशाच्या वेळापत्रकाप्रमाणे ठरतो. खाली लिहिलेलं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं. सोसायटी, शाळा, वाचनालय, गणेश मंडळ, कुणालाही हे जमेल.

तारीख आधी, फिल्म नंतर

बहुतेक लोक आधी फिल्म शोधतात आणि मग रविवार बघून दिवस ठरवतात. इथे उलटं करा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक आपल्या गावावरून कधी दिसणार, हे नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' या मोफत ॲपवर कळतं. गाव नाशिक निवडलं की पुढच्या काही दिवसांच्या फेऱ्या दिसतात: वेळ, किती मिनिटं दिसणार, कुठल्या दिशेनं येणार, कुठे जाणार आणि जास्तीत जास्त किती अंश वर चढणार.

यातली संध्याकाळची फेरी निवडा. स्थानकाला स्वतःचा दिवा नसतो. त्याच्या सौर पंखांवर पडलेलं ऊन आपल्याला दिसतं. म्हणून खाली अंधार पडलेला हवा आणि ४०० किलोमीटर उंचीवर अजून ऊन हवं. हा योग सूर्यास्तानंतरच्या साधारण दीड तासात किंवा पहाटे येतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला सहा ते सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे सात ते साडेसातच्या दरम्यानची फेरी सगळ्यात सोयीची. उंची ४० अंशांहून जास्त असेल तीच घ्या. दहा-पंधरा अंशांची फेरी शेजारच्या इमारतींच्या टाक्यांमागूनच निघून जाते. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश भरते, म्हणजे क्षितिजापासून चार मुठींच्या वर जाणारी फेरी हवी.

स्थानकाची कक्षा अधूनमधून थोडी बदलली जाते, म्हणून दोन आठवडे आधी पाहिलेली वेळ कच्ची समजा. दोन दिवस आधी आणि त्याच दिवशी दुपारी पुन्हा तपासा. कार्यक्रमाच्या निरोपात वेळ "साडेसहाला" एवढीच लिहा. फेरीची वेळ तुमच्यापाशी ठेवा.

पावसाळ्यात गच्चीचा नाद सोडा. २३ ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन असतो, कारण २०२३ मध्ये त्याच दिवशी संध्याकाळी चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात उतरलं. शाळांनी तो जरूर साजरा करावा, पण हॉलमध्ये. तेव्हा नाशिकचं आकाश ढगांनी भरलेलं असतं. चंद्रावरच्या मोहिमांची फिल्म दाखवायची असेल तर कोजागरीसारखी दुसरी रात्र नाही. लोक तसेही दुधाच्या पातेल्याभोवती गच्चीवर जमलेले असतात आणि चंद्र समोर असतो. अपोलो ११ जिथे उतरलं तो शांतिसागर नुसत्या डोळ्यांना काळसर डागासारखा दिसतो. चंद्र उगवत असताना तो वरच्या भागात असतो. मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून पाहिलं, तर मध्यापासून थोडा उजवीकडे. आटवलेलं दूध हातात घेऊन माणसाचे पाय लागलेली जागा शोधायची, एवढ्यानंच ती रात्र लक्षात राहते.

फिल्म निवडताना

अंतराळावरच्या फिल्म ढोबळमानानं तीन तऱ्हेच्या असतात. काही पूर्णपणे जुन्या खऱ्या चित्रीकरणातून आणि ध्वनिफितींतून जोडलेल्या असतात. काहींत शास्त्रज्ञ आणि अंतराळवीर बोलतात, मध्ये ॲनिमेशन येतं. तिसऱ्या प्रकारात नट घेऊन प्रसंग पुन्हा उभे केलेले असतात. माझं मत स्पष्ट आहे: मुलांसमोर पहिला किंवा दुसरा प्रकार दाखवा. नट घेतलेले प्रसंग आणि खरं चित्रीकरण एकाच फिल्ममध्ये मिसळलेलं असेल, तर दहा वर्षांच्या मुलाला त्यातला फरक कळत नाही, आणि पुढे सगळंच "बनवलेलं" वाटायला लागतं.

लांबी ५० ते ७० मिनिटं. त्याहून मोठी असेल तर त्यातला एक भाग निवडा. थांबे धरून कार्यक्रम आपोआप अडीच तासांचा होतो.

आता हक्कांचं. ओटीटीवरचं वर्गणीचं खातं घरच्यांसाठी असतं, सोसायटीतल्या शंभर माणसांसाठी नाही. आणि त्याची गरजही नाही. नासाचं बहुतेक चित्रीकरण कॉपीराइटमुक्त असतं. त्यांच्या यूट्यूब वाहिनीवर आणि संकेतस्थळावर पूर्ण लांबीचे माहितीपट मोफत आहेत. इस्रोच्या वाहिनीवर प्रक्षेपणांचं चित्रीकरण आणि गगनयानच्या चाचण्या आहेत. त्यातलाच एखादा माहितीपट घ्या.

विषय कुठला? पहिल्यांदा करत असाल तर स्थानकावरचं रोजचं जगणं घ्या: झोपणं, जेवणं, केस धुणं, व्यायाम, दुरुस्ती. लहानांना यात लगेच रस वाटतो आणि त्याच संध्याकाळी ते स्थानक डोक्यावरून जाणार असतं. चंद्रमोहिमा दुसऱ्या वर्षी. अपघातांवरची फिल्म पहिलीच नको, पण अपघात टाळूही नका. कल्पना चावलाचं नाव आपल्या मुली शाळेतच ऐकतात. तिचं काय झालं, हे त्यांना मोठ्या माणसांकडून नीट कळायला हवं. ती ज्यात होती ते कोलंबिया यान १६ जानेवारी २००३ ला निघालं तेव्हा इंधनाच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. १ फेब्रुवारीला परत येताना त्याच भगदाडातून प्रचंड तापलेली हवा आत शिरली आणि यान तुटलं. सातही जण गेले. फिल्ममध्ये हा भाग असेल तर सुरुवातीलाच पालकांना सांगा, म्हणजे अगदी लहान मुलांना त्या वेळी खाली नेता येईल.

एकट्यानं आधी पाहा, वही घेऊन

ही पायरी लोक हमखास गाळतात आणि सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. फिल्म दोनदा पाहा. पहिल्यांदा नुसती. दुसऱ्यांदा वहीत मिनिट-सेकंद लिहीत. माझ्या वहीच्या एका पानावर अशा नोंदी आहेत: "१२:४० पाण्याचा गोळा, इथे थांबायचं. १९:०५ ट्रेडमिलचे पट्टे, सांगायचं. ३१:२० निवेदक फार भरभर, आवाज कमी." कार्यक्रमाच्या वेळी हीच वही मांडीवर असते.

भाषेचा प्रश्न याच वेळी सोडवा. चांगल्या फिल्म बहुतेक इंग्रजीत आहेत, आणि सोसायटीतले निम्मे प्रेक्षक इंग्रजी निवेदन पकडू शकत नाहीत. खालची इंग्रजी अक्षरं वाचण्यात मुलांचं चित्राकडे दुर्लक्ष होतं. आम्ही निवेदकाचा आवाज काही ठिकाणी कमी करतो आणि दोघं जण माइकवर मराठीत सांगतो. शब्दशः भाषांतर करत बसू नका. तीन वाक्यांचं एक करा. अंतराळवीर स्वतः बोलत असतील तेव्हा मात्र मूळ आवाज राहू द्या आणि नंतर सांगा. यानातून येणाऱ्या आवाजातली खरखर लोकांनी ऐकायलाच हवी.

दुसऱ्यांदा पाहताना काही गोष्टींकडे मुद्दाम लक्ष द्या, कारण मोठी मुलं त्याच विचारतात. अवकाशात हवा नाही, म्हणून आवाजही नाही. पुढे जाणाऱ्या यानाची घरघर फिल्मवाल्यांनी वरून घातलेली असते. माणसांना चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न ५ या अग्निबाणाचं प्रक्षेपण फिल्ममध्ये संथ दिसतं, कारण तळाशी लावलेले कॅमेरे अतिवेगानं चित्र घेत होते. प्रत्यक्षात पहिला टप्पा सेकंदाला सुमारे १३ टन इंधन आणि ऑक्सिजन जाळत होता, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात येणारा पाण्याचा मोठा टँकर दर सेकंदाला रिकामा व्हावा तसं. आणि अग्निबाणाच्या पोटापासून सुटून गोल कडं खाली पडत जातं ते प्रसिद्ध दृश्य अपोलो ११ च्या कितीतरी फिल्ममध्ये वापरलं आहे, पण ते आहे १९६७-६८ मधल्या अपोलो ४ आणि अपोलो ६ या मानवविरहित चाचण्यांमधलं. कॅमेरा वेगळ्या डबीतून समुद्रात पडला आणि तिथून उचलून आणला गेला. मुलांना हे आधी सांगितलं, तर ती पुढच्या प्रत्येक दृश्याला "हे कुठून घेतलं असेल?" असं विचारत पाहतात. तशी सवय लागलेलं मूल मोबाइलवर आलेल्या कुठल्याही व्हिडिओलाही तोच प्रश्न विचारतं.

गच्चीची तयारी

यावर जास्त वेळ घालवू नका. प्रोजेक्टर भाड्यानं मिळतो. अंधारात ३००० ल्युमेन्सचा पुरतो. साधारण प्रोजेक्टरला आठ फूट रुंद चित्रासाठी बारा फुटांच्या आसपास अंतर लागतं. पडद्यासाठी डबलबेडची पांढरी चादर इस्त्री करून घ्या. वरच्या कडेत पीव्हीसी पाइप ओवा आणि खालच्या कडेत दुसरा पाइप घालून तो विटांना बांधा. नुसती दोरीवर टांगलेली चादर वाऱ्यानं फुगते आणि अंतराळवीराचं तोंड वाकडंतिकडं होतं. पडदा पूर्वेला ठेवा, म्हणजे पश्चिमेचा संधिप्रकाश प्रेक्षकांच्या डोळ्यांत जाणार नाही.

फिल्म ऑफलाइन हवी. एकदा आमचं इंटरनेट ऐन वेळी रेंगाळलं आणि वीस मिनिटं पडद्यावर गोल फिरत राहिलं. लॅपटॉपचा चार्जर, एचडीएमआय केबल आणि एक्स्टेंशन बोर्ड दिवसा लावून बघा. आवाजासाठी चांगला स्पीकर घ्या. चित्र थोडं फिकं चालतं, पण आवाज तुटका असला की लोक उठतात. कठड्याजवळ कुणी बसणार नाही अशा बेतानं सतरंज्या घाला आणि कठड्याच्या बाजूला दोन मोठी माणसं कायम उभी ठेवा. थंडीचं सांगायला नको: निफाडचा पारा पेपरात यायला लागला की गच्चीवर कानटोपी आणि शाल लागतेच. निरोपातच लिहा.

सुरुवातीची दहा मिनिटं: फुटबॉल, मोसंबं आणि पेन्सिल

अंधार पुरेसा पडेपर्यंत थोडा वेळ असतो. तो भाषणात घालवू नका. एक फुटबॉल घ्या. ही पृथ्वी. मुलांना विचारा, याच मापात चंद्र केवढा? हातातलं मोसंबं पुढे करा, ते बरोबर बसतं. आता एका मुलाला मोसंबं देऊन सांगा, "चंद्र जिथे असेल तिथे जाऊन उभा राहा." मुलं हमखास हातभर अंतरावर थांबतात. त्याला मागे, अजून मागे पाठवत राहा. फुटबॉलपासून साडेसहा मीटरवर, म्हणजे गच्चीच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाला, चंद्राची जागा येते. मग विचारा, अंतराळ स्थानक कुठे? सगळे मधल्या जागेकडे बोट दाखवतात. तेव्हा पेन्सिल घ्या आणि फुटबॉलवर आडवी टेकवा. पेन्सिलीची जाडी, सात मिलिमीटर, एवढ्याच उंचीवर आज माणसं राहतात. १९७२ च्या डिसेंबरात चंद्रावरून शेवटची माणसं परतली, त्यानंतर कितीतरी दशकं सगळे अंतराळवीर या पेन्सिलीच्या जाडीच्या आसपासच फिरत होते.

गच्चीवर एकदम शांतता होते. आता फिल्म लावा.

पहिला थांबा: तरंगतात का?

स्थानकावर माणसं तरंगताना पहिल्यांदा दिसली की पाच मिनिटांनी थांबवा आणि विचारा, "का तरंगतात?" उत्तर येतं, "वर गुरुत्वाकर्षण नसतं." मोठी माणसंही हेच सांगतात. हे चूक आहे. त्या उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असते. ती नसती तर स्थानक सरळ निघून गेलं असतं, पृथ्वीभोवती फिरलंच नसतं.

हे बोलून पटत नाही, दाखवून पटतं. एक लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, तळाजवळ तापवलेल्या दाभणानं समोरासमोर दोन भोकं पाडा. भोकांवर बोटं ठेवून पाणी भरा, झाकण लावू नका. बोटं काढली की दोन धारा सुटतात. आता स्टुलावर उभं राहून बाटली खाली ठेवलेल्या मोठ्या टबात सोडा, आणि एका मुलाला मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करायला सांगा. बाटली हातातून सुटताक्षणी धारा थांबतात. पडत असलेल्या बाटलीतलं पाणीही तिच्याबरोबर पडत असतं, त्यामुळे ते तळावर दाबच देत नाही. मोबाइलचा तो व्हिडिओ लगेच पडद्यावर दाखवा. आमच्याकडे मुलांनी तो आठ वेळा लावायला लावला, आणि सातव्या वेळी सातवीतला एक मुलगा म्हणाला, "म्हणजे ते सगळे पडतायत?"

हो, पडतायत. स्थानक आणि आतली माणसं दोन्ही सतत पडत असतात, पण पुढे जाण्याचा वेग ताशी सुमारे २७,६०० किलोमीटर असल्यामुळे जितकं खाली येतात तितकीच पृथ्वीची गोलाई खाली वळलेली असते. नाशिक ते पुणे रस्ता साधारण २१० किलोमीटर. स्थानक तेवढं अंतर अर्ध्या मिनिटाच्या आत कापतं. पृथ्वीची एक फेरी ९० मिनिटांच्या आसपास, दिवसात सोळा सूर्योदय.

एवढं झालं की पुन्हा फिल्म. आता तरंगणारी माणसं सगळ्यांना वेगळीच दिसतात.

दुसरा थांबा: मध्यंतर आकाशातलं

फेरीच्या बारा मिनिटं आधी फिल्म थांबवा, प्रोजेक्टरवर टोपी ठेवा, गच्चीवरचे सगळे दिवे बंद करा, मोबाइल खिशात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ हवा. स्थानक शुक्रासारखं ठळक असतं, शहराच्या उजेडातही दिसतं. पण लहान मुलांना ते पटकन सापडावं म्हणून ही काळजी.

दिशा गावाच्या खुणांनी सांगा, अंशांनी नको. आमच्या गच्चीवरून त्र्यंबकचे डोंगर पश्चिमेला, पांडवलेणी दक्षिणेच्या अंगाला, म्हसरूळची चामर लेणी उत्तरेला. "त्र्यंबक आणि चामर लेणीच्या मधून वर येईल" असं म्हटलं की आजीही बरोबर तिकडे बघतात. संध्याकाळी ते बहुधा वायव्येकडून आग्नेयेकडे किंवा नैऋत्येकडून ईशान्येकडे जातं. लुकलुकत नाही. लाल-हिरवे दिवे दिसले तर ते ओझरच्या विमानतळाकडे जाणारं विमान समजा. चार ते सहा मिनिटांत ते आकाश ओलांडतं, आणि पुष्कळदा मध्येच, स्वच्छ आकाशात, मंद होत विझून जातं. तिथे ते पृथ्वीच्या सावलीत शिरलेलं असतं. आतल्या माणसांचा सूर्यास्त झाला, असं त्या क्षणी मोठ्यानं सांगा.

मग चिवडा वाटा. नाशिकचाच, तिखट. आणि एक प्रश्न टाका: हा चिवडा वर नेला तर? पोहे, दाणे, तिखटाचे कण हवेत पसरतील, डोळ्यांत जातील, यंत्रांत शिरतील. म्हणूनच अंतराळवीर पावाऐवजी पोळीसारखा टॉर्टिया खातात. त्याचा चुरा होत नाही. मीठ-मिरपूडही वर द्रवरूपात असते. मग काय चालतं? २०२५ च्या जूनमध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला ॲक्सिऑम-४ मोहिमेतून स्थानकावर गेले तेव्हा त्यांनी गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस नेला होता. चिकट, ओलसर, भांड्याला धरून राहणारे पदार्थ. आमरसाचं नाव निघाल्यावर गच्चीवर जे हसू फुटतं ते ऐकण्यासारखं असतं.

म्हातारी माणसं हा तुमचा खजिना

चंद्रमोहिमेची फिल्म असेल तर मध्यंतरानंतरची पाच मिनिटं ज्येष्ठांना द्या. आर्मस्ट्राँगनं चंद्रावर पाय ठेवला तेव्हा आपल्याकडे २१ जुलै १९६९ ची सकाळ होती, साडेआठ वाजत आलेले. टीव्ही तेव्हा दिल्लीतच होता. मुंबईत तो १९७२ साली आला. नाशिकमध्ये ती बातमी रेडिओवर आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आली. तेव्हा शाळेत असलेलं कुणीतरी प्रत्येक सोसायटीत असतं. त्यांना आदल्या दिवशी घरी जाऊन सांगून ठेवा, "आजोबा, उद्या दोन मिनिटं तुमची." ऐन वेळी माइक पुढे केला की माणसं संकोचतात.

१९८४ ची गोष्ट तर पुष्कळांनी टीव्हीवर पाहिलेली आहे. ३ एप्रिलला राकेश शर्मा सोयुझ टी-११ मधून निघाले आणि सल्यूत ७ या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर आठवडाभर राहिले. इंदिरा गांधींनी त्यांना वरून भारत कसा दिसतो ते विचारलं. हे चित्रीकरण उपलब्ध आहे. प्रश्नापाशी थांबवा आणि उत्तर आजी-आजोबांकडून एका सुरात वदवून घ्या. मुलं अवाक होतात. नाशिककरांसाठी यात आणखी एक धागा आहे: हेच राकेश शर्मा १९८७ मध्ये विमानं बनवणाऱ्या एचएएल या सरकारी कंपनीत आले आणि १९९२ पर्यंत नाशिक विभागाचे मुख्य चाचणी वैमानिक होते. ओझरच्या धावपट्टीवरून ते विमानं उडवत होते. आमच्या इमारतीतल्या, ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या काकांनी हे सांगितलं तेव्हा मुलांनी त्यांना गराडाच घातला. तुमच्याही ओळखीत ओझरला काम केलेलं कुणी असेलच. बोलवा.

वेळ असेल तर दादासाहेब फाळक्यांचा उल्लेख करा. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसानं १९१२ मध्ये, कथापट करण्याआधी, कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून मिनिटभराची फिल्म केली होती. महिनाभराची वाढ एका मिनिटात. स्थानकावरून दिसणारी, शहरांचे दिवे झरझर मागे टाकणारी दृश्यं याच युक्तीनं केलेली असतात.

तिसरा थांबा: परतीचा

शेवटचा थांबा यान वातावरणात शिरतानाचा. खिडकीबाहेर नारिंगी ज्वाळा दिसतात आणि निवेदक "घर्षणामुळे" म्हणतो. खरं कारण मुख्यतः वेगळं आहे. यान इतक्या वेगानं येतं की समोरच्या हवेला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही, ती दबते आणि दबल्यामुळे तापते. सायकलचा पंप गच्चीवर आणून ठेवा. पुढचं तोंड बोटानं घट्ट बंद करून मुलांना जोरात दहा-पंधरा वेळा दाबायला सांगा आणि मग पंपाच्या तळाला हात लावू द्या. गरम लागतो. एवढंच.

यानंतर शेवटपर्यंत थांबू नका. उतरल्यानंतरचं दृश्य मात्र पूर्ण दाखवा, टाळ्या पडल्या म्हणून फिल्म बंद करू नका. बाहेर काढलेली माणसं स्वतःच्या पायांवर धड उभी राहू शकत नाहीत, त्यांना धरून नेतात. वजन पेलण्याचं काम थांबल्यामुळे हाडं महिन्याला एक ते दीड टक्क्यानं झिजतात. रोज दोन तास व्यायाम करूनही शरीर जमिनीची सवय विसरतं. सुनीता विल्यम्स २०२४ च्या जूनमध्ये थोड्या दिवसांसाठी गेल्या आणि २८६ दिवसांनी, मार्च २०२५ मध्ये परतल्या. हा आकडा सांगून ते दृश्य दाखवा. आमच्या गच्चीवर गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका काकू ते पाहून म्हणाल्या, "मलाही असंच पुन्हा चालायला शिकवलं होतं." नंतर मुलांनी त्यांनाच प्रश्न विचारले.

आवरताना

प्रश्नांना वीस मिनिटं ठेवा. ज्याचं उत्तर येत नाही तो प्रश्न कागदावर लिहून सोसायटीच्या फलकावर लावा आणि आठवडाभरात शोधून त्याखाली उत्तर लिहा. मोठ्या मुलांचा गट करून महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण तारांगणात नेता येईल. जाण्याआधी शोची वेळ फोन करून विचारा. दहाच्या आत स्पीकर बंद, हा नियमच आहे, आणि सकाळी कामाला जाणाऱ्या शेजाऱ्यांची त्याहून मोठी काळजी.

त्या संध्याकाळी ढग आले तर हिरमुसू नका. चांगल्या फेऱ्या बहुधा लागोपाठच्या दिवसांत येतात. फिल्म ठरल्याप्रमाणे दाखवा, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांच्या वेळा ग्रुपवर टाका. आमच्याकडे ते काम त्या नववीतल्या मुलीकडे आहे. ती आता अकरावीत गेली आहे, पण फेरीच्या पाच मिनिटं आधी जिन्यातून प्रत्येक मजल्यावर हाक मारत वर जाते, "चला, येतंय!" आणि दारं उघडायला लागतात.